उन्हाळ्यातल्या खेपा

उन्हाळा लागला की ‘तुमचं घर कुठं?’ असं कुणी विचारलं तर मला पटकन सांगता येत नाही. बार्शीत स्लॅबचं तीन खोल्यांचं घर आहे. वैराग रस्त्यानं १३ किलोमीटर गेल्यावर पाणंदीनं आत वळलं की रानात आमची पत्र्याची वस्ती आहे. पावसाळा आणि थंडी आम्ही वस्तीवर काढतो. पण होळी झाली की पत्रा तापायला लागतो, विहीर तळाला जाते, मंडळींचे गुडघे धरतात, आणि आम्ही मुक्काम बार्शीत हलवतो. मुक्काम हलतो, कामं हलत नाहीत. गाय रानात, कडब्याची गंज रानात, उकिरडा रानात. वाळवणाची गच्ची गावात, गिरणी गावात, डॉक्टर गावात. म्हणून होळीपासून मृगापर्यंत रोजची एक खेप ठरलेली. पहाटे पाचला निघायचं आणि ऊन डोक्यावर यायच्या आत परतायचं.

गाडी म्हणजे एक्सएल. पुढं पायापाशी सरकीपेंडीचं पोतं किंवा बियाणाची पिशवी, हँडलला दुधाची किटली, आणि मागं आमची मंडळी एका अंगानं बसलेली. तिच्या मांडीवर भाकरीचं फडकं. गाव सुटलं की ती मागून कामं सांगायला लागते. “आज चिच्चा झोडायच्या. लिंबाचा पाला आणायचा, ज्वारीत घालायला. गाईच्या दाव्याचा पीळ सुटलाय.” निम्मं वाऱ्यात जातं. माझा उजवा कान जरा कमी आहे, आणि ती नेमकी उजव्या बाजूनंच बोलते. मी आपला ‘हां, हां’ करतो. वस्तीवर गेल्यावर ती विचारते, “काय काय सांगितलं, सांगा बरं?” मी दोन सांगतो, तिनं सांगितलेली असतात सहा.

उन्हाळ्यात शेतकऱ्याला काम नसतं, असं शहरातल्या माणसाला वाटतं. माझ्या व्याह्यांनाही वाटायचं. एकदा चार दिवस मुक्कामी आले, तेव्हापासून वाटत नाही. मालदांडीची ज्वारी माघ-फाल्गुनात निघाली की कडबा वाहून गंज रचायची. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा, असे पाचुंदे मोजत रचायचं, म्हणजे गाईला दिवाळीपर्यंत पुरतो की नाही ते आधीच कळतं. मग ट्रॅक्टरनं नांगरट. ढेकळं वैशाखात चांगली तापली पाहिजेत. रान जितकं तापेल तितकं पुढं पिकाला सोसतं, असं दादा म्हणायचे. मग धसकटं वेचायची, ती चुलीला होतात. हरळी आणि कुंदा खणून बांधावर टाकायचा, आणि तो परत रानात जाणार नाही याची राखण करायची, कारण हरळीची एक कांडी राहिली तरी श्रावणात तिचं जाळं होतं. फुटलेल्या ताली धरायच्या. ठिबकच्या नळ्या गुंडाळून पत्र्याखाली ठेवायच्या, नाहीतर उंदीर कुरतडतात. उकिरडा उपसायचा, शेणखत पांगवायचं. हे सगळं मृगाच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आत, उरकलं पाहिजे. पाऊस त्या दिवशी येतोच असं नाही, पण आपली तयारी नसली की नेमका येतो.

आणि हे झालं माझं. तिचं वेगळंच. तुरी भिजवून, वाळवून, भरडून डाळ करायची. चिंचा फोडून चिंचोके काढायचे, मीठ लावून गोळे करून बरणीत दाबायचे. वर्षाचं काळं तिखट करायचं. मिरच्या वाळवायच्या, कांदा उभा चिरून उन्हात टाकायचा, खोबरं, धने, दगडफूल भाजायचं आणि मग कांडपावर नंबर लावून बसायचं. त्या दिवशी गल्लीतली सगळी माणसं शिंकतात. सांडगे, पापड, शाबूच्या पापड्या, शेवया, कुरडया. शेवटी बांधावरच्या आंब्याच्या कैऱ्यांचं लोणचं. आमच्या बांधावर आजोबानं लावलेला एक गावरान आंबा आहे. त्याचं फळ बारीक आणि तंतुमय, पण कैरी अशी आंबट की लोणचं दोन वर्षं टिकतं.

गावात राहून रानाची कामं आणि रानात जाऊन गावाची कामं, असा हा सगळा गोंधळ असतो. सोयाबीनची उगवण तपासायची असते. ती मी बार्शीत न्हाणीघरात तपासतो, कारण तिथं गारवा असतो. घरच्या बियाण्यातले १०० दाणे मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. सहाव्या दिवशी उघडून कोंब मोजायचे. ७० च्या वर आले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं, कमी आले तर त्या मानानं जास्त पेरायचं. शेजारी एक मास्तर राहतात. त्यांच्या सूनबाई एकदा मंडळींना म्हणाल्या, “काकू, तुमच्या न्हाणीत पोतं कशाचं हो?” ही म्हणाली, “आमच्या मालकांची शाळा हाय ती. शंभरातली सत्तर पोरं पास झाली की पेरणी करत्यात.”

हे गावातलं घर आम्ही हौसेनं बांधलेलं नाही. आमच्या खेड्यातली शाळा चौथीपर्यंत. मी स्वतः बार्शीला नातलगाकडं राहून १९७६ ला दहावी झालो. इंग्रजीत राहिलो होतो, ऑक्टोबरला सुटलो. पुढं शिकायची ऐपत नव्हती. १९८४ ला लग्न झालं. थोरला पाचवीला गेला तेव्हा, म्हणजे १९९६ ला, आम्ही ठरवलं की पोरांची आबाळ करायची नाही. मंडळी तीन पोरं घेऊन बार्शीत भाड्याच्या खोलीत राहायला गेली. मी आई-दादांबरोबर वस्तीवर. मला वाटलं चार-पाच वर्षांचा प्रश्न आहे. एकामागून एक पोरं शिकत गेली आणि धाकटा कॉलेजातून बाहेर पडला तेव्हा २०१२ साल उजाडलं होतं. सोळा वर्षं. तेव्हा ती चौतिसाची तरी असेल का नसेल. त्या सोळा वर्षांत आम्ही नवराबायको बाजाराच्या दिवशी भेटायचो. मी भाजीपाला आणि धान्य घेऊन जायचो, दुपारी जेवायचो आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. पोरं म्हणायची, “दादा आले, दादा आले,” आणि दोन तासांनी, “दादा चालले.”

२००३ ला आई गेली. वस्तीवर भाकरी करायला कुणी राहिलं नाही. मग दूधवाल्याबरोबर डबा सुरू झाला. सकाळी रानातून दूध गावात जायचं, येताना त्याच्या गाडीला अडकवून माझा डबा यायचा. डब्यात वरच्या ताटलीखाली एक चिठ्ठी असायची. ही चौथी शिकलेली, अक्षर मोठं मोठं. चिठ्ठीत कामंच असायची. ‘शेंगा दोन पायली पाठवा. लिंबाचा पाला. फीचे १५० रुपये सोमवारच्या आत.’ आणि सगळ्यात खाली, जागा उरली तर, एखादी ओळ. ‘धाकट्याला ताप होता. आता नाही.’ ताप चढला तेव्हा मला कळायचं नाही, उतरल्यावर कळायचं. मी चिडायचो. एकदा बाजारच्या दिवशी भांडलो सुद्धा. ती म्हणाली, “आधी कळवून काय केलं असतं? नांगर सोडून आला असता. मग रान कुणी बघायचं?” यावर मला बोलता आलं नाही.

त्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या नाहीत. चूल पेटवायला वापरल्या. आज वाटतं, चार तरी ठेवायला हव्या होत्या.

पोरं मार्गी लागली. थोरला पुण्याला कंपनीत, लेक तुळजापूरकडं दिलेली, धाकटा सोलापुरात. गावातलं घर रिकामं झालं आणि ही वस्तीवर परत आली. आता दोघांनी एका जागी राहायचं, असं म्हणेपर्यंत दुष्काळ पडला. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी नेलं, ती गाडी आमच्या बार्शीवरूनच जायची. एकदा फाटकापाशी आम्ही एक्सएल थांबवून ती गाडी बघितली. वाघिणीमागून वाघीण. ही डब्याला डबा मोजत होती. मी ज्या रुळावर लहानपणी बार्शी लाईटची बारकी गाडी बघितली होती, तिथनंच माणसांच्या तोंडचं पाणी चाललं होतं. त्याच महिन्यात मी खिलार बैलांची जोडी विकली. वस्तीवर प्यायला पाणी राहिलं नाही म्हणून आम्ही गावातल्या घरात आलो, आणि उरलेल्या एका गाईसाठी रोज रानात जायला लागलो. या खेपा तेव्हापासूनच्या.

आता सांगायचं ते या वर्षीचं. वैशाखातला दिवस. कुरडयांचा घाट घातलेला. पाच किलो गहू तीन दिवस भिजवलेले, रोज पाणी बदललेलं, वाटून चीक काढलेला, रात्रभर निवळत ठेवलेला. कुरडईचा चीक कुणाची वाट बघत नाही. पहाटे उठून शिजवायचा, गरम आहे तोवर सोऱ्यातून गच्चीवर घालायचा. म्हणून त्या दिवशी ती गावात थांबली आणि मी एकटाच रानात गेलो. उकिरडा उपसायला ट्रॅक्टर सांगितला होता. सहाला येतो म्हणालेला ट्रॅक्टर साडेनऊला आला. मला परतायला पाहिजे होतं. पण तीन खेपा राहिल्यात, दोन राहिल्यात, असं करत मी थांबलो. खोऱ्यानं ट्रॉलीत खत भरू लागलो. गड्याला दाखवायचं होतं की म्हाताऱ्याच्या अंगात अजून आहे. ट्रॅक्टर शेवटची खेप घेऊन लांबच्या तुकड्यात गेला आणि माझ्या डोळ्यांपुढं पिवळं पिवळं दिसायला लागलं. घाम यायचा थांबला. मी लिंबाखाली जाऊन बसलो, मग आडवा झालो. खिशातला फोन वाजत होता ते कळत होतं, पण तो माझाच आहे असं वाटत नव्हतं.

अकरा वाजले तरी मी आलो नाही म्हणून ती फोन करत होती. चार वेळा केला. मग तिनं घराला कुलूप लावलं, चौकातून वैराग रस्त्याचं वडाप धरलं आणि फाट्यावर उतरून पाणंदीचा दीड किलोमीटर त्या दुखऱ्या गुडघ्यांनी चालत आली. मला दिसलं ते तिचं लुगडं. तिनं माझी टोपी काढली, हंड्यातलं पाणी डोक्यावर, काखेत, पायांवर ओतलं आणि पदरानं वारा घालत राहिली. जरा शुद्धीवर आल्यावर साखर-मिठाचं पाणी घोट घोट पाजलं. ती ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, “तीन खेपापायी?” ट्रॅक्टरवाला परत आला तेव्हा त्याच्याच ट्रॉलीत घालून मला गावात आणलं. डॉक्टरांनी दोन सलाईन लावल्या. म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं.

दवाखान्यात पडल्या पडल्या चारच्या सुमाराला ढग गडगडले. वळीव आला. पत्र्यावर ताडताड वाजायला लागलं, मातीचा वास आला. मी तिच्याकडं बघितलं. ती खिडकीकडं बघत होती. गच्चीवर पाच किलो गव्हाच्या कुरडया होत्या आणि घराला कुलूप होतं. ती उठली नाही. “जाऊन ये,” मी म्हणलं. ती म्हणाली, “सलाईन संपूद्या.”

दुसऱ्या दिवशी गच्चीवर बघितलं तर नुसता लगदा. ती खरवडून बादलीत भरला आणि गाईला घातला. पोरांना काही सांगायचं नाही, असं आमचं न बोलता ठरलं.

पण दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी थोरला पुण्याहून येतो आणि वर्षाचा डबा घेऊन जातो. यंदा सूनबाईनं डबे उघडून बघितले आणि विचारलं, “आई, कुरडया राहिल्या का?” हिला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, “भिजल्या.” “तुम्ही कुठं होता?” मग एकेक निघत गेलं. थोरला माझ्याकडं न बघता तिला म्हणाला, “एवढं झालं आणि फोन सुद्धा नाही?” ती म्हणाली, “ऊन लागलं हुतं. आता न्हाई.”

मला डब्यातली चिठ्ठी आठवली.

रात्री गच्चीवर बसून थोरल्यानं विषय काढला. त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. त्यानं हिशेब मांडला. रोज २६ किलोमीटर, या वयात, या उन्हात. एका गाईपायी. “दादा, दोन घरं चालवायचं वय राहिलं नाही. एक घर मिटवा. रान सगळं बटईनं द्या आणि इथं बसा. नाहीतर हे घर काढा आणि पुण्याला चला. पण एकच ठेवा.” माझ्याकडं उत्तर होतं. ७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आई-दादा खडी फोडायला गेले, मिलोच्या भाकरी खाल्ल्या, पण रान विकलं नाही, हे मी सांगणार होतो. पण पोरांनी ते शंभर वेळा ऐकलंय, आणि ते विकायचं म्हणतही नव्हतं.

मग ती बोलली. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता बोलली. “तुमच्या शाळेपायी सोळा वर्षं म्या हितं अन् हे तितं. तवा कुणी म्हणलं न्हाई, एकच घर ठेवा म्हणून. आता कुठं एका गाडीवर बसून दोघं जातोय-येतोय, तर तू मिटवाय निघालास.”

थोरला गप्प बसला. मी पण. ही गोष्ट मी कधी अशी बघितलीच नव्हती. मला वाटायचं, गुडघे दुखत असताना ही रोज माझ्या मागं गाडीवर बसते ती चिच्चांसाठी, पाल्यासाठी, माझ्यावर भरवसा नाही म्हणून. मी तिला कितीदा म्हणलोय, “तू राहा घरी, मी जाऊन येतो.” आणि ती दर वेळी एखादं काम काढते, जे मला जमणार नाही.

पण थोरल्याचंही ऐकायला पाहिजे होतं. सलाईनची सुई मी विसरलो नव्हतो. सकाळी चहा घेताना आम्ही तिघांनी ठरवलं. सात एकरांतलं पाच एकर शेजारच्या चुलतभावाला निमबटईनं द्यायचं. विहिरीजवळचे दोन एकर, आंबा आणि गाय आमच्याकडं. उन्हाळ्यात दहाच्या आत गावात. ट्रॅक्टर येवो न येवो. आणि एकट्यानं रानात जायचं नाही, कुणीच नाही. थोरल्यानं माझ्या फोनमधला आवाज मोठा करून दिला. जाताना पाया पडला तेव्हा म्हणाला, “दादा, एक्सएलचं मागचं टायर गुळगुळीत झालंय.” दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याला पैसे पाठवून त्यानं ते बदलून घेतलं.

पाच एकर दुसऱ्याच्या हाती देताना पोटात कालवलं. पाडव्याला ज्या तुकड्यात दादा पहिलं औत धरायचे, तोच तुकडा गेला. गेला म्हणजे कागदावर माझाच आहे, पण त्यात काय पेरायचं हे आता चुलतभाऊ ठरवणार. परवा जाताना बघितलं, त्यानं नांगरट उथळ केलीय. मी बोलणार होतो. मागून ही म्हणाली, “गाडी चालवा.” या वेळी मला दोन्ही कानांनी ऐकू आलं.

कुरडया आम्ही परत केल्या, दीड-दोन किलोच्या. हंगाम सरत आला होता, ढग भरून यायचे, म्हणून धास्ती होती. या खेपेला सोऱ्या मी फिरवला. हाताला फोड आला आणि निम्म्या कुरडया वाकड्या झाल्या. ती म्हणाली, “पुण्याला नीट असतील त्याच देऊ, वाकड्या आपल्याला.” त्या वाळेपर्यंत आम्ही दोघं गच्चीवर आभाळाकडं बघत बसलो.

हे लिहीपर्यंत जूनचे तीन दिवस झाले. सोयाबीनची गुंडाळी काल उघडली, १०० तले ७८ दाणे उगवले. उद्या नळाला पाणी यायचा दिवस आहे, तेव्हा पहाटे उठून आधी टाकी भरायची, मग निघायचं. गाईचं दावं अजून तसंच आहे. लोणच्याला कैऱ्या उतरवायच्यात, आणि झाडावर कुणी चढायचं यावर आमचं अजून ठरलेलं नाही.